बैल नव्हते, तर गाडी कुठली?

आधीच सांगून टाकते, चूक माझी होती. बिल्डरच्या माणसाशी मी भांडले, त्याच्या वकिलाशी भांडले, कचेरीतल्या साहेबांशी तर दोनदा भांडले, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा भांडेन. माझ्या नाकावर राग असतो हे आमच्या शाळेत शिपायापासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण या सगळ्या प्रकरणात पहिला घोळ घातला तो मी. वयाच्या विसाव्या वर्षी, निळ्या शाईच्या पेनाने, वळणदार अक्षरात.

तेव्हा मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय इंग्रजी. वसईजवळच्या पापडी गावात, आमच्या आळीत इंग्रजी घेऊन बी.ए. करणारी मी पहिलीच मुलगी. मग काय विचारता! नुसती शिंगं फुटली होती मला. कुणाला परदेशातून पत्र आलं, कुणाला औषधाच्या बाटलीवरचं वाचून हवं असलं, की ते सरळ आमच्या ओट्यावर यायचे. मी एक हात कमरेवर ठेवून वाचून दाखवायचे. एखादा शब्द अडला तरी अडला असं दाखवायचं नाही, अंदाजाने पुढे रेटायचं, ही विद्या मी तेव्हाच कमावली. पुढे तीस-पस्तीस वर्षं वर्गातल्या पोरांना "अंदाज करू नका, डिक्शनरी उघडा" म्हणून ओरडत राहिले, ते कुठल्या तोंडाने, देव जाणे.

एके दिवशी वडिलांनी पत्र्याच्या पेटीतून एक जुना कागद काढून माझ्यापुढे ठेवला. आमच्या वाडीचा कागद. वसईकडे वाडी म्हणजे झाडांची बाग. आमच्या वाडीत नारळ, केळी, चाफ्याची दोन झाडं, एक विहीर आणि कडेला बावखल. बावखल म्हणजे पावसाचं पाणी धरून ठेवणारं लहानसं तळं. ते भरलेलं असलं की विहिरीला मे महिन्यातही पाणी राहतं, आणि गोडं राहतं. मधोमध दोन खोल्यांचं कौलारू घर, आणि त्यात राहायची माझी आत्या, वडिलांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारायची आमची काय बिशाद! झाडांना पाणी लावणं, केळीचे घड उतरवणं, झावळ्या विणणं, कुंपण बांधणं, सगळं तीच करायची. वडील मुंबईला नोकरीला. त्यांना केळीचं पान आणि कर्दळीचं पान यांतला फरक कळत नाही, असं आत्या चारचौघांत सांगायची.

गावात सरकारी मोजणी चालली होती. मोजणीवाले म्हणाले, कागद इंग्रजीत आहे, मराठी करून आणा. इंग्रजीत असायचं कारण असं, की आमची आणि शेजारची अशा दोन्ही वाड्या मुळात एका मुंबईकर मालकाच्या. त्यातला एक तुकडा त्याने माझ्या पणजोबांना विकला, उरलेली जागा पुढे शेजाऱ्यांना, आणि आमचं खरेदीखत तिकडच्या वकिलाच्या कारकुनाने टाकाने लिहिलं. प्रत्येक मोठ्या अक्षराला वेलबुट्टी. मी ओट्यावर मांडी ठोकून बसले आणि एका बैठकीत भाषांतर उरकलं. त्यातलं मुख्य वाक्य साधारण असं होतं, की ती सबंध अमुक गोष्ट, तिच्यातल्या विहिरीसह, तळ्यासह आणि फळझाडांसह विकली आहे. ती अमुक गोष्ट म्हणजे चार अक्षरांचा एक शब्द. मी वाचला सी, ए, आर, टी. कार्ट. गाडी.

आत्या तिथेच उन्हात सुकवून सुकेळी करायला पिकली केळी सोलत बसली होती. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. ती जशीच्या तशी लिहिली तर बाहेरच्या वाचणाऱ्याची दमछाक होईल, म्हणून थोडी सोपी करून लिहिते. मी मोठ्याने वाचलं, "एक गाडी, तसेच विहीर, तळे व फळझाडे." आत्याने हात थांबवला.

"गाडी? आमच्या आज्याकडं बैल कधी नव्हते. बैल नाय, तर गाडी कुठली?"

"असेल गं कधीतरी. तुला काय माहीत?"

"मला नाय म्हाईत, तर कोनाला? त्याच्या मांडीवर वाढले मी. तो केळी कावडीनं न्यायचा बाजारात."

आणि मी काय म्हणाले, ते ऐका. मी म्हणाले, "आत्या, तुला इंग्रजी येतं का? नाही ना? मग गप्प बस."

वडील हसले. आत्या पुन्हा केळी सोलायला लागली. मी भाषांतर सुवाच्य उतरवून काढलं, खाली "बरोबर आहे" असं लिहिलं आणि झोकात सही ठोकली.

मोजणीवाल्यांनी माझ्या त्या कागदावरून नोंद केली. त्यात गाडी होती, विहीर होती, तळं होतं, झाडं होती. जमीन कुठेच नव्हती. म्हणून जमीन लागली शेजारच्या वाडीवाल्यांच्या नावावर, आणि आमचं नाव गेलं सातबाऱ्याच्या शेवटच्या रकान्यात, 'इतर हक्क' म्हणून: विहीर, तळे व फळझाडे. वडिलांनी आपलं आणि आत्याचं नाव छापून आलेलं पाहिलं, समाधान मानलं आणि कागद पेटीत ठेवला. शेजारी भले लोक. त्यांनाही ठाऊक होतं कुणाचं काय आहे ते. सदतीस वर्षं कुणी काही बोललं नाही.

मग शेजारचे म्हातारे गेले, मुलं ऑस्ट्रेलियाला गेली, आणि त्यांची वाडी एका बिल्डरने घेतली. दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच्या माणसाने आत्याच्या हातात नोटीस दिली आणि सोबत रंगीत पत्रक. पत्रकात सात मजली इमारत, खाली हिरवळ, हिरवळीवर परदेशी दिसणारं कुटुंब. इमारतीच्या नावात 'ऑर्चर्ड' असा शब्द. झाडं तोडायची आणि नाव बागेचं ठेवायचं, याला म्हणतात निर्लज्जपणा! नोटिशीत लिहिलं होतं की जमीन त्यांची आहे, आत्याचा हक्क फक्त झाडांवर आणि पाण्यावर आहे, तो तिने सोडावा. बदल्यात तळमजल्यावर एक खोली मिळेल. आत्याचं वय तेव्हा ब्याऐंशी. ती मला फोनवर म्हणाली, "पोरी, हे म्हणतात झाडं माझी आनि जमीन त्यांची. मग माझी झाडं काय हवेत उभी हायेत?"

वडील गेले त्याला दहा वर्षं झाली. मी लग्नानंतर विरारला, फुलपाड्यात फ्लॅटमध्ये राहते, तिथल्याच एका शाळेत इंग्रजी शिकवते. भाऊ नाही. म्हणजे आत्याच्या बाजूने उभं राहायला मी एकटी. मी पदर खोचला आणि सुनावणीला गेले. ती कचेरी कुठली ते लिहीत नाही, पण तिथला पंखा फिरतो आणि वारा येत नाही एवढं सांगते.

बिल्डरचा वकील तरणाताठा, केसांना जेल लावलेला. त्याने जुन्या फाइलीतून एक कागद काढून साहेबांपुढे धरला. "सर, हा त्यांच्याच घरून आलेला अनुवाद. यांच्या पूर्वजांनी काय विकत घेतलं होतं? एक गाडी! बैलगाडी, सर. आणि झाडांची फळं. जमिनीचा एक शब्द नाही." मागच्या बाकावरचे लोक खो खो हसले. साहेबही गालात हसले. मी तो कागद पाहिला. निळी शाई. माझं वळणदार अक्षर. खाली माझी झोकदार सही, माहेरच्या नावाची.

तोंडात मारल्यासारखं झालं मला. वकिलाने मला विचारलं, "मॅडम, ही सही कुणाची, तुम्हाला काही कल्पना?" मी म्हणाले, "पुढची तारीख द्या." साहेबांनी दिली.

त्या दिवशी मी आत्याकडे न जाता सरळ स्टेशनवर गेले. तिला तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. दोन दिवस मी घरातल्या घरात चिडचिड करत फिरले. तिसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी टाकली, मूळ खरेदीखत पेटीतून आणवलं आणि भिंग घेऊन टेबलाशी बसले. सदतीस वर्षांनी पहिल्यांदा मी तो कागद विद्यार्थ्यासारखा वाचला. प्रत्येक शब्द.

आणि मला दिसलं. या कारकुनाचा मोठा सी वरून उघडा असतो, 'कलेक्टर'मध्ये तसा आहे, 'कन्व्हेयन्स'मध्ये तसा आहे. त्याचा मोठा ओ वर जाऊन स्वतःला एक बारीक गाठ मारतो, 'ऑक्टोबर'मध्ये तशी गाठ आहे. आणि आमच्या त्या शब्दाच्या पहिल्या अक्षराला गाठ होती. शाई फिकी पडली होती, पण गाठ होती. ओ, ए, आर, टी. म्हणजे कार्ट नव्हतंच ते. ओर्ट होतं.

ओर्ट? हा कुठला शब्द? शाळेच्या डिक्शनरीत नाही. माझ्या कपाटातल्या जाड डिक्शनरीत नाही. एम.ए. केलं, पस्तीस वर्षं शिकवलं, आणि आयुष्यात हा शब्द ऐकला नव्हता. मग मला आमच्या चर्चचे जुने फादर आठवले. ते आता निवृत्त, पापडीत राहतात, आणि त्यांच्या खोलीत पलंगापेक्षा पुस्तकांना जागा जास्त. रविवारी मिस्सा झाल्यावर मी त्यांना गाठलं. शब्द ऐकून ते एवढंच म्हणाले, "पोर्तुगीजमध्ये होर्ता म्हणजे मळा. ह उच्चारत नाहीत. ओर्ता." मग खुर्चीवर चढायला निघाले, मी त्यांना दटावून खाली बसवलं आणि स्वतः चढून वरच्या फळीवरचा एक जाडजूड कोश काढला. हिंदुस्थानात राहून गेलेल्या इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या शब्दांचा जुना कोश. पानं पिवळी, वाळवीने कडा खाल्लेल्या.

त्यात होता! चांगला परिच्छेदभर होता. मी खुर्चीवर उभ्याउभ्याच वाचला आणि "बाई गं!" म्हणून ओरडले.

ओर्ट म्हणजे नारळीची वाडी. हा शब्द फक्त आपल्या बाजूच्या इंग्रजीत होता, इंग्लंडातल्या माणसालाही कळला नसता. पोर्तुगीजांनी इथल्या वाड्यांना होर्ता म्हटलं. त्यांच्या मागून इंग्रज आले, त्यांनी तो उचलला, आणि त्यांच्या कारकुनांनी त्याचं ओर्ट केलं. गिरगावात, माहीमला ज्याची जेवढी नारळीची झाडं, ती त्याची ओर्ट. घर विकायची जाहिरात असली तर घर छानशा ओर्टमध्ये आहे असं लिहायचे. खरेदीखतांत, सारावसुलीच्या पत्रांत, सगळीकडे ओर्ट. मग मुंबईतल्या वाड्या गेल्या, तिथे चाळी आल्या, आणि शब्दही गेला. पाव, चावी, बादली हे पोर्तुगीज शब्द आपण घरात घेतले. हा घेतला नाही, कारण आपल्याकडे वाडी होतीच. म्हणून तो बिचारा कागदातच राहिला, आमच्या पेटीत, माझी वाट पाहत. आणि मी दीडशहाणीने त्याची गाडी केली.

फादर म्हणाले, "आणखी गंमत सांगू? लॅटिनमध्ये याचं मूळ आहे होर्तुस. मूळ अर्थ कुंपण घातलेली जागा. तुमच्या इंग्रजीतलं हॉर्टिकल्चर त्यातूनच आलं. ऑर्चर्डचा पहिला अर्धा भाग तोच असावा असं म्हणतात. गार्डन आणि यार्डसुद्धा लांबचे भाऊबंद." मग डोळे मिचकावून म्हणाले, "आणि कोर्टसुद्धा. तेही आधी कुंपणातलं अंगणच होतं." मला इतका आनंद झाला की मी त्यांच्या पाया पडायची बाकी होते.

आता आत्याला सांगणं भाग होतं. मी वाडीत गेले. बिल्डरच्या लोकांनी मोजमाप घ्यायला म्हणून एका बाजूचं झावळ्यांचं कुंपण काढून टाकलेलं, आणि त्या भगदाडासमोर आत्या खुर्ची टाकून बसलेली. मी सगळं सांगितलं. शब्द, कोश, ओ आणि सी. माझी सही. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तारीख कधी हाय?" मी सांगितली. "मी पन येनार," ती म्हणाली. गुडघे धरून जिना चढावा लागतो, असं मी म्हणून पाहिलं. तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुढचं वाक्य गिळलं.

सुनावणीच्या दिवशी आत्या लुगडं नेसून, गळ्यात जपमाळ घालून, वीस पायऱ्या थांबत थांबत चढली. खोलीत तोच पंखा, तेच साहेब, तोच जेल लावलेला वकील. मी उभी राहिले आणि घसा साफ केला.

"साहेब, हे भाषांतर मी केलंय. सही माझी आहे. आणि भाषांतर चुकीचं आहे. तो शब्द कार्ट नाही, ओर्ट आहे. अर्थ नारळीची वाडी. जमिनीसकट."

साहेबांनी मोबाइल काढला आणि शब्द टाइप केला. "मॅडम, हे तर मला विचारतंय, तुम्हाला कार्ट म्हणायचंय का म्हणून."

मागे पुन्हा हशा. माझ्या डोक्यात तिडीक गेली. "साहेब, मोबाइललाही माझ्यासारखीच अंदाज करायची खोड आहे. त्याचं ऐकू नका. हा कोश बघा." मी वाळवी लागलेला कोश त्यांच्या टेबलावर आपटला, म्हणजे ठेवला, पण आवाज जरा मोठा झाला.

वकील उठला. त्याने खरोखर चांगला प्रश्न विचारला, हे कबूल केलं पाहिजे. "सर, या मॅडम सदतीस वर्षांपूर्वी 'बरोबर आहे' असं लिहून सही करतात. आज म्हणतात चूक आहे. तेव्हा चुकल्या, तर आज बरोबर कशावरून?"

हाच प्रश्न मी स्वतःला तीन आठवडे विचारत होते.

"बरोबर बोललात," मी म्हणाले. "माझ्या शब्दावर जाऊ नका. तेव्हा माझ्या शब्दावर गेले म्हणूनच हे झालं. कागदाकडे बघा." मी भिंग साहेबांच्या हातात दिलं. "हा कलेक्टरचा सी. वरून उघडा. हा ऑक्टोबरचा ओ. वर गाठ. आता हा आमचा शब्द. गाठ आहे की नाही, तुमच्या डोळ्यांनी बघा." साहेब वाकले. बराच वेळ वाकून राहिले. "आणि दुसरं. पुढच्याच ओळीत या वस्तूच्या चार सीमा दिल्यात. पूर्वेला रस्ता, पश्चिमेला पाणंद, उत्तरेला अमक्याची वाडी, दक्षिणेला ओहोळ. मी तेव्हा या सीमा झाडांना चिकटवून दिल्या. आता तुम्हीच सांगा, गाडीला चतुःसीमा असते का? ती काय जन्मभर रस्ता आणि ओहोळ यांच्या मधे एकाच जागी उभी होती? आणि गाडीच्या आत विहीर होती?"

या वेळी लोक हसले ते वकिलाकडे बघून. मला काय चेव आला! मी म्हणाले, "यांच्या इमारतीचं नाव ऑर्चर्ड. त्यात हाच शब्द असावा, असं जाणकार म्हणतात. सरकारचं हॉर्टिकल्चर खातं आहे, त्यात हाच शब्द. आपण बसलोय त्याला तुम्ही कोर्ट म्हणता, तेसुद्धा याच घराण्यातलं. सगळ्यांना हा शब्द चालतो. फक्त माझ्या आत्याच्या कागदात आला की तो नसतो!"

"मॅडम, आवाज," साहेब म्हणाले.

"माझा आवाज असाच आहे," मी म्हणाले. "पण बसते."

तेवढ्यात आत्या उठली. कुणी तिला बोलावलं नव्हतं. काठी टेकत ती टेबलापाशी गेली.

"साहेब, एक सांगू?"

"सांगा, आजी."

"आमच्या आज्याकडं बैल कधी नव्हते. बैल नाय, तर गाडी कुठली?"

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग माल कसा न्यायचे?"

"कावडीनं. दोन बाजूला दोन घड. खांद्याला घट्टा पडलेला त्याच्या, एवढा. मी लहान असताना त्या घट्ट्यावर बोट फिरवत बसायची. गाडी असती तर घट्टा कशाला पडला असता?"

साहेबांनी विचारलं, "हे तुम्ही आधी का नाही सांगितलं?"

मी जमिनीकडे बघितलं. तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तेव्हा कोनी विचारलं नाय," ती म्हणाली.

निकाल महिन्याने लागला. आमच्या बाजूने. नोंद दुरुस्त करून जमीन आत्याच्या नावे लावावी, असा हुकूम. मी तो आणायला कचेरीत गेले आणि खिडकीशी उभी राहूनच वाचला, कारण आता मी काहीही दोनदा वाचते. तिसऱ्या परिच्छेदात मूळ कागदातला शब्द इंग्रजीत टाइप केला होता. सी, ए, आर, टी.

"अहो, हे काय?" मी टाइप करणाऱ्या बाईंना विचारलं.

"मॅडम, मी बरोबरच मारलं होतं. कॉम्प्युटर आपोआप बदलतो."

"मग कॉम्प्युटरला सांगा, आपोआप नको बदलू."

"एका अक्षरासाठी? निकाल तर तुमच्याच बाजूने लागलाय ना? घेऊन जा की."

"बाई, एका अक्षरासाठीच माझी आत्या सदतीस वर्षं शेवटच्या रकान्यात होती. मी इथून हलणार नाही."

आणि नाही हलले. जेवणाची सुट्टी झाली, मी तिथेच बाकावर बसून डबा खाल्ला. शेवटी साहेब स्वतः बाहेर आले. हुकूम पुन्हा छापला, पुन्हा तेच झालं, कॉम्प्युटर काही ऐकेना. मग साहेबांनी हताश होऊन पेन काढलं, सीचं तोंड शाईने मिटवून टाकलं, वर एक बारीक गाठ दिली आणि बाजूला आद्याक्षरी सही केली. "झालं समाधान?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "झालं. आणि गाठ छान आली." तेही हसले.

तिथून मी रिक्षाने थेट पापडीला गेले. आत्या त्या भगदाडापाशीच होती. नव्या विणलेल्या झावळ्या उभ्या करून सुंभाने बांधत होती, ब्याऐंशीव्या वर्षी, एकटी. मी पर्स चाफ्याच्या बुंध्याशी ठेवली आणि झावळीचं दुसरं टोक धरलं. हुकूम वाचून दाखवला. तिला तिचं नाव दोनदा ऐकायचं होतं, दोनदा वाचलं. मग मी जे महिनाभर घशात धरून ठेवलं होतं ते बोलले.

"आत्या, माझं चुकलं."

"अक्षर ना? होतं गं. ते तर साहेबाच्या मोबाइललाबी कळलं नाय."

"अक्षर नाही. तू सांगत होतीस, बैल नव्हते म्हणून. मी तुला म्हणाले, इंग्रजी येत नाही तर गप्प बस."

आत्याने सुंभाची गाठ दातात धरून ओढली, पक्की झाली का ते बघितलं, आणि मग म्हणाली, "हो. म्हनून बसले ना गप्प. तू शिकलेली होतीस, मला वाटलं, असेल बा गाडी. सदतीस वर्षं मी त्या गाडीचा विचार करते. आज्यानं कुठं ठेवली असेल, कोनाला दिली असेल."

मला रडू फुटलं. तिने झावळीवरचा माझा हात बाजूला सारला, कारण मी ती वाकडी धरली होती.